शून्य लिवा, ताई

माझ्या पिशवीत एक प्लास्टिक चढवलेलं कार्ड असतं. त्याच्यावर सहा चेहरे छापलेत, पहिला हसरा, शेवटचा रडवेला, आणि खाली शून्य ते दहा आकडे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे आता याच्यापुढं सहनच होणार नाही. आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. तिथून आम्ही गाडी घेऊन गावोगाव जातो. जे पेशंट आता बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन, निदान त्यांचं दुखणं तरी हटवायचा प्रयत्न करतो. मी नर्स आहे. गेली कैक वर्षं मी लोकांना मुख्यतः एकच गोष्ट विचारत आले आहे, की किती दुखतंय.

आकड्याआधी मी शब्द विचारते. आटपाडीकडच्या एका बाईनं मला सांगितलं होतं, “भगभग हुतीया, अन् मधीच चमक निघतीया.” त्यावरून मी ओळखलं की दुखणं नसेचं आहे. हाडाचं असतं तर ती ठणका म्हणाली असती, आतड्याचं असतं तर कळ म्हणाली असती. रग लागते ती वेगळी, ठुसठुस वेगळी. शाळेची पायरी न चढलेली माणसं हे शब्द इतके नेमके वापरतात की मला दर वेळी नवल वाटतं. डॉक्टरांना फोनवर नुसता तो शब्द सांगितला तरी निम्मं काम होतं.

तर या सगळ्यात मी स्वतःला फार हुशार समजत होते. “तुमचा फॉर्म वाचला की पेशंट समोर दिसतो,” असं डॉक्टर एकदा म्हणाले होते, आणि ते वाक्य मी पुढं वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जी चूक झाली ती या फुगलेल्या बाईची आहे.

पलूसच्या पुढं एका गावात एक मेजर होते. खरं म्हणजे हवालदार म्हणून रिटायर झालेले, पण आमच्याकडं मिलिटरीतून आलेल्या माणसाला गाव मेजरच म्हणतं, त्यात कुणी रँक बघत नाही. वय पासष्टीच्या आसपास. पोटातला कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरलेला. उसातून गाडीवाट जायची, तिच्या शेवटी स्लॅबचं घर, पुढची खोली म्हणजे सोपा, आणि सोप्यात त्यांची कॉट. बायको आधीच गेलेली. मुलगाही फौजेतच, लांब वरती कुठं तरी पोस्टिंगला. घरात सून होती, आणि मेजरांची आई होती.

आई नव्वदीला टेकलेली. तिला सगळे आजी म्हणायचे, मीही म्हणू लागले. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, कान मात्र तल्लख. ती कॉटच्या पायथ्याशी बसायची आणि दोन्ही हात मेजरांच्या चादरीखाली घालून त्यांचे पाय धरायची.

पहिल्या भेटीला मी कार्ड काढलं आणि सगळं समजावून सांगितलं. मेजर उशीला टेकून ताठ बसले होते. दाढी केलेली, मिशी विंचरलेली, खांद्यावर टॉवेल. त्यांनी कार्डाकडं बघितलंसुद्धा नाही.

“शून्य लिवा, ताई. सब ठीक.”

मणक्यात कॅन्सर आणि शून्य? मी हुज्जत घातली. शेवटी ते म्हणाले, “बरं, तुमच्या मनासारखं. एक लिवा.” सोप्यात जमलेली माणसं हसली. आमची गाडी गावात शिरली की पाच-दहा माणसं आपोआप जमतात, त्यांना हाकलता येत नाही आणि त्यांच्यासमोर काही विचारताही येत नाही. मी एक लिहिला.

मग माझं लक्ष आजींकडं गेलं. “आजी, उशाशी बसा की,” मी म्हणाले. “आईनं लेकाच्या पायाशी बसू नये.”

“मीबी तिला त्येच सांगतोय,” मेजर म्हणाले. “मला पाप लावायलीया.”

“पाय गार पडत्यात त्येचं,” आजी म्हणाल्या. “ऊब देती.”

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि उशाशी खुर्चीवर नेऊन बसवलं. त्या मुकाट बसल्या. हात मांडीवर ठेवले, मग पदर धरला, मग पुन्हा मांडीवर. पुढच्या भेटीला गेले तर आजी पुन्हा पायथ्याशी. मी पुन्हा उठवलं. तिसऱ्या भेटीलाही तेच. तीनदा मी त्या बाईला तिच्या जागेवरून उठवलं, आणि वर मनात स्वतःची पाठ थोपटली, की मी किती मान राखते म्हातारीचा.

असे तीन आठवडे गेले. माझ्या सुंदर अक्षरातल्या फॉर्मवर एक, दोन, एक असे आकडे पडत राहिले, आणि गोळ्यांचा डोस होता तेवढाच राहिला.

चौथ्या आठवड्यात मी निघाले, गाडीत बसले, तेवढ्यात सूनबाई मागून पळत आल्या. हातात एक टॉवेल होता, मेजरांच्या खांद्यावर असायचा तोच. “ताई, रागावणार न्हाई न्हवं?” म्हणत त्यांनी तो काचेसमोर पसरला. टॉवेलच्या मधोमध भोकं होती. दोन ओळींत, अर्धगोल. मला क्षणभर कळेचना की हे काय आहे.

“मामा कूस बदलताना तोंडात धरत्यात,” त्या म्हणाल्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणायच्या. “मला म्हनले, कुनाला सांगायचं न्हाई. आजीला कळंल म्हनून.”

कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं मला. तीन आठवडे तो माणूस टॉवेल चावत होता आणि मी एक, दोन, एक लिहीत होते. मी टॉवेल घेतला आणि गाडीतून उतरले.

सोप्यातल्या सगळ्यांना मी पाठीची जखम बघायचीय म्हणून बाहेर काढलं. आजींना सूनबाईंनी लिंबाच्या झाडाखाली नेलं. “उजेडात तुमचं बीपी बघते, तोवर बसा,” असं मी सांगितलं होतं. मग दार लोटलं आणि टॉवेल मेजरांच्या समोर ठेवला.

त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात विचारलं, “ती गेली का भाईर?”

“गेली.”

“आठ,” मेजर म्हणाले. “हाललो की धा.”

एकदा बांध फुटल्यावर सगळं आलं. मणक्यात ठणका, डाव्या मांडीतून खाली पोटरीपर्यंत भगभग, आणि पहाटे पहाटे चमका. मी लिहीत गेले. शेवटी ते म्हणाले, “ताई, एकवीस वर्सं फौजेत काढली. घरी पत्र लिवायचो, त्येची पयली वळ ठरल्याली. मी इकडं खुशाल हाय. न्यूमोनिया झाला तवाबी तीच वळ लिवली. आयला वाचता येत न्हवतं, शाळेतलं मास्तर वाचून दाखवायचं. ती सगळ्या गावाला सांगायची, लेक खुशाल हाय. आता शेवटच्याला तिच्या म्होरं दुखतंय म्हनू व्हय? तेवढी येकच ड्युटी राहिलीया बघा.” मग म्हणाले, “दवा वाढवा. पन आयला कळू दिऊ नका.”

मी कबूल केलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसं दुखणं लपवताना पाहिली आहेत. काही भीतीपोटी लपवतात, काही औषधाला घाबरून. पण आपण अजून कुणाचं तरी लेकरू आहोत एवढ्यासाठी टॉवेल चावणारा पासष्टीचा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मॉर्फिनचा डोस वाढवला, नसेच्या दुखण्याची वेगळी गोळी सांगितली, आणि फोन ठेवला. मग मी बीपीचं मशीन घेऊन लिंबाखाली गेले. सूनबाई आत चहा टाकायला गेल्या होत्या. आजी एकट्याच होत्या. मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते.

“किती म्हनला?” आजींनी विचारलं.

“काय किती, आजी?”

“सांगू नको म्हनला आसंल. नगं सांगूस. मीच सांगती. आठ-नवाच्या खाली न्हवतं.” मग माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत म्हणाल्या, “तुज्या त्या कार्डावरलं आकडं मला कळत्यात पोरी. दर खेपंला ऐकतीया. त्यो मोठ्यांदा शून्य म्हनतो, अन् माझ्या हातात त्येचा अंगठा मुडपून आत जातो.”

मी पट्टा तसाच सोडून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. मेजर तान्हे असताना रडायचे नाहीत. पोटात मुरडा आला तरी आवाज नाही. त्या पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. बाळाचं डोकं त्यांच्या पावलांकडं आणि बाळाचे पाय त्यांच्या पोटाशी. दुखायला लागलं की बाळ पायाचा अंगठा आत मुडपायचं, आणि तो त्यांच्या पोटाला लागायचा. “तवापास्नं म्हाईत हाय मला. येक मुडपला तर जरासं हाय. दोनी मुडपलं तर लय हाय. अन् बोटं फाकून ताट झाली तर मग काय बघायलाच नगं.”

पायथ्याशी त्या ऊब द्यायला बसत नव्हत्या. मी, जिला वाटायचं की आपला फॉर्म वाचला की पेशंट दिसतो, मी तीनदा त्यांना तिथून उठवून खुर्चीवर बसवलं होतं. मोजायला ना कार्ड, ना आकडा, नुसते दोन तळवे. आणि तान्हेपणीची ती खूण ते तळवे पासष्ट वर्षांत विसरले नव्हते.

“मग आजी, तुम्ही बोलला का नाही? तुम्हाला कळतंय हे त्यांना सांगा ना. म्हणजे त्यांना लपवायला नको.”

आजींनी मान हलवली. “न्हाई. माझ्या म्होरं बरा हाय म्हनतोय, म्हनू दे. पत्रातबी तसंच लिवायचा. मला कळायचं न्हाई व्हय? पर लेकरू आपल्याला जपतंय, तर जपू द्यावं. आता दुसरं काय करता येतंय त्येला? तेवढं त्येचं त्येला राहू दे. तू दवा वाढीव. अन् मला कळलंया ह्ये त्येला कळू दिऊ नको.”

म्हणजे अर्ध्या तासात मी दोघांनाही एकमेकांबद्दल गप्प राहायचं वचन देऊन बसले. ते वचन आमच्या नियमांत कुठं बसतं हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. झाडाखाली बसून मला एवढंच वाटत होतं की आपण काहीतरी फार मोठं बघतोय, आणि ते बघण्याची आपली लायकी नाही.

त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. मी सोप्यात जायची, लोक असायचे. मेजर खणखणीत आवाजात सांगायचे, “शून्य लिवा, ताई!” मी म्हणायची, “लिहिलं!” मग त्यांची नाडी बघायला मनगट धरायची. त्यांचं बोट माझ्या तळहातावर टकटक करायचं. पाच वेळा, चार वेळा, तीन वेळा. खरा आकडा तो. निघताना आजी भिंत धरत दारापर्यंत यायच्या आणि पुटपुटायच्या, “डावा मुडपतोय अजून. उजवा सुटला.” दोन्हीचा मेळ दर वेळी बसायचा. सुरुवातीला मी मुद्दाम ताडून बघायची, कुठंतरी चूक निघेल म्हणून. नंतर ताडून बघायची लाज वाटायला लागली आणि ते सोडलं. आजींना पुन्हा कधी मी पायथ्यापासून उठवलं नाही. गावातल्या एका शहाण्यानं “आईनं पायाशी कशाला बसायचं?” असं काढलं, तेव्हा मी त्याला असं काही फटकारलं की तो पुन्हा आमच्या गाडीमागं आला नाही.

मधल्या एका रविवारी मी साताऱ्याला माहेरी गेले. आई दारात उभी. गुडघा कसाय विचारलं तर नेहमीचं उत्तर, “काही नाही गं, बरी आहे.” हे उत्तर मी वीस वर्षं ऐकत आले होते आणि वीस वर्षं ते खरं धरून चहा प्यायले होते. त्या दिवशी मी तिच्या पायांकडं बघत बसले. ती चिडून म्हणाली, “काय बघतेस सारखी? भेगा आहेत.” तिच्या पायांतलं मला काही वाचता आलं नाही. आजींना जे पासष्ट वर्षांत आलं ते मला एका रविवारी कुठून येणार? पण सोमवारी तिला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. ती वाटभर बडबडत होती, की काही झालेलं नसताना ही मला उगाच ओढून नेते.

डोस पुरता लागू पडायला महिना गेला. एके दिवशी दुपारी मी गेले तर सोप्यात कुणी नव्हतं. उसाला पाणी सोडायचा दिवस होता, सगळे रानात. मेजर कुशीवर झोपले होते, म्हणजे खरोखर कुशीवर, जे त्यांना दोन महिन्यांत जमलं नव्हतं. आजी पायथ्याशी बसल्या बसल्या पुढं झुकून, लेकाच्या पायांवर डोकं टेकून झोपी गेल्या होत्या. चादर सरकली होती. मेजरांची बोटं सैल पडली होती, झोपलेल्या पोराची असतात तशी. मी पिशवी खाली ठेवली नाही, आवाज होईल म्हणून. बराच वेळ तशीच उभी राहिले. मला त्या क्षणी फार आनंद झाला.

मेजर जागे झाले, मला बघून हसले, मनगट पुढं केलं. बोट माझ्या तळहातावर नुसतं टेकलं. टकटक नाही.

“शून्य लिवा, ताई,” ते हळूच म्हणाले. “आज खरंखुरं.”

असे खरेखुरे दिवस त्यांना साधारण तीन आठवडे मिळाले. त्यात त्यांनी मुलाशी व्हिडिओवर गप्पा मारल्या, सूनबाईंना फौजी पद्धतीचा कडक चहा करायला शिकवला, आणि आईच्या हातच्या झुणक्याचं एक बोट चाटलं. मग शरीर थकत गेलं. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. बोट टकटक करेना. माझं कार्ड तर केव्हाच निकामी झालं होतं. आता घरात दुखणं मोजणारं एकच माणूस उरलं होतं.

मी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, की बोलणं बंद झालं तरी कान शेवटपर्यंत जागे असतात. त्यांच्याशी बोलत राहा, आणि त्यांच्यासमोर बोलताना जपून बोला. आजींनी ते नीट ऐकून घेतलं होतं.

शेवटच्या भेटीला मी सकाळी गेले. मुलगा निघाला होता, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मेजरांचे डोळे मिटलेले, श्वास लांब लांब, मध्ये थांबून येणारा. दाढी सूनबाईंनी केली होती, मिशीही विंचरली होती. आजी पायथ्याशी, हात चादरीखाली.

“आजी, कसं आहे?” मी विचारलं.

“मोकळा हाय,” त्या म्हणाल्या. “येकबी मुडपला न्हाई. रातीपास्नं न्हाई.”

मी औषधं बघितली, सूनबाईंना सांगायचं ते सांगितलं, फॉर्म भरला. आणि मग, का कोण जाणे, एवढ्या महिन्यांत जे सुचलं नव्हतं ते सुचलं. या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी त्यांच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवला.

“आजी, तुमचं काय? तुम्हाला किती दुखतंय?”

त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडं नाही. लेकाच्या चेहऱ्याकडं वळवली. आणि एरवी पुटपुटणाऱ्या आजी सोप्याबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “मला काय झालंया? शून्य लिव!”

मी खाली बघितलं. फरशीवर, लुगड्याच्या काठाखालून आजींची पावलं दिसत होती. दोन्ही अंगठे मुडपून आत गेले होते.

मी खाली बसले. त्यांची दोन्ही पावलं उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि हातांत धरली. मग मेजरांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, “लिहिलं, आजी. शून्य.”